सुखान्त कादंबरी आणि ‘चेटकीण’ हा शब्द

रंजनप्रधान प्रेमकादंबरीची दखल न घेणे हा आपल्या विद्यापीठीय समीक्षेचा जुना रिवाज आहे. परंतु रंजनासाठी लिहिलेली कृतीही भाषांतराच्या वेशीवर आली की कधीकधी गंभीर प्रश्न उभा करते. सांगू मंदण्णा या मूळच्या भारतीय, इंग्लंडमध्ये राहणाऱ्या लेखिकेची ‘द व्हेरी सीक्रेट सोसायटी ऑफ इर्रेग्युलर विचेस’ (२०२२) ही कादंबरी या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे.

कादंबरीची नायिका मीका मून ही भारतात जन्मलेली, इंग्लंडमध्ये वाढलेली अनाथ चेटकीण आहे. चेटकिणींनी एकमेकींपासून दूर राहावे, कोठे रुजू नये, स्वतःची ओळख कोणास कळू देऊ नये, हा तिच्या पालक प्रिमरोझचा दंडक. अशा मीकाला एका आडबाजूच्या घरातून बोलावणे येते; तेथील तीन लहान चेटकिणींना विद्या शिकवायची असते. त्या घरात परस्परांशी रक्ताचे नाते नसलेली माणसे एका कुटुंबाप्रमाणे नांदतात. त्यांत एक वृद्ध समलिंगी जोडपे आहे, प्रारंभी अविश्वास दाखविणारा ग्रंथपाल आहे. आणि याच ग्रंथपालाशी मीकाचे प्रेम जुळते. शेवट गोड होणार, हे वाचकाला पहिल्यापासून ठाऊक असते. उत्कंठा असते ती एवढ्याचीच, की एकटेपणाचे व्रत घ्यावयास लावलेल्या स्त्रीला छप्पर मिळेल काय?

इंग्रजी वाचकाला ‘विच’ हा शब्द आता घाबरवीत नाही. ब्रिटनमध्ये १७३५ च्या कायद्याने चेटकाबद्दल देहान्त शिक्षा देण्याची प्रथा बंद झाली. त्यानंतरच्या दीर्घ काळात तो शब्द बालकथांतून, सणासमारंभांतून हिंडून निरुपद्रवी झाला. भारतीय भाषांना ही सवड मिळालेली नाही. ‘डायन’ या शब्दाने बाईचा छळ होतो म्हणून बिहारला १९९९ साली, तर आसामला २०१५ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. नरेंद्र दाभोलकर यांच्या ऑगस्ट २०१३ मधील हत्येनंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, आणि सातपुड्याच्या परिसरात ‘डाकीण’ ठरविलेल्या स्त्रियांचा प्रश्न कार्यकर्त्यांना आजही हाताळावा लागतो. असा शिक्का पुष्कळदा विधवेवर, एकाकी स्त्रीवर बसतो. तिच्या वाट्याची जमीन कोणाच्या तरी डोळ्यांत सलत असते. शिक्का बसला की प्रथम जाते ते तिचे घर.

मग भाषांतरकाराने काय करावे? ‘जादूगारीण’ किंवा ‘परी’ असा सौम्य शब्द योजावा, ही सूचना सोयीची आहे. तथापि ती स्वीकारल्यास कादंबरीचा गाभाच हरवेल. मीकाला लपावे लागते ते तिच्या शक्तीमुळे नव्हे, तर त्या शक्तीला लोकांनी दिलेल्या नावामुळे. परीला कोणी गावाबाहेर काढीत नाही. म्हणून शब्द ‘चेटकीण’ हाच हवा.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. कादंबरीतील स्त्री खरोखरीच चेटकीण आहे; गावातील स्त्री ती कधीच नसते. चेटूक खरे मानणारी कथा अंधश्रद्धेला बळ देणार नाही काय? परंतु अद्भुताचा संकेत मराठी वाचकाला नवा नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची. तेव्हापासून अद्भुतरम्य कथा वाचणारा वाचक कथेतील सत्य आणि जगातील सत्य यांत भेद करीत आला आहे. अंधश्रद्धेचा आधार शक्तीच्या कल्पनेत जितका असतो, त्याहून अधिक ‘तिच्यामुळे आपले अनिष्ट झाले’ या आरोपात असतो. आणि नेमका हा आरोप ही कादंबरी फेटाळते. तरीही दोन्ही स्त्रियांमधील अंतर भाषांतराच्या प्रस्तावनेत स्पष्ट सांगितले जावे. तेवढे उत्तरदायित्व भाषांतरकाराला टाळता येणार नाही.

या कादंबरीच्या मर्यादा उघड आहेत. तिच्यातील घर ऐसपैस आहे, मायाही मुबलक आहे. जमिनीचा तंटा, गावकीचा दबाव यांची झळ तेथे पोहोचत नाही. परंतु रंजनप्रधान कादंबरी ज्या सुखाचे स्वप्न दाखविते, त्यावरून समाजाने कोणाला कशापासून वंचित ठेवले हे ओळखता येते. ‘चेटकीण’ म्हटल्या गेलेल्या स्त्रीला घरात घेतले जाते, ही इंग्रजीत ऊबदार गोष्ट असेल. भारतीय भाषांत ती अद्यापि मागणी आहे.