गालातली इज

दिवाळीच्या अंकात दुखण्याखुपण्याचे लिहू नये, असा संकेत आहे. पण आमच्या घरी हे दुखणे उघडकीस आले तेच मुळी ऐन दिवाळीत. तेव्हा वाचकांनी क्षमा करावी.

आमची आई रिद्धपूरला राहते. वय ७४. मी अमरावतीला एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. गेल्या वर्षी नरकचतुर्दशीच्या पहाटे माझी पत्नी आईच्या गालाला उटणे लावू लागली, तोच आई "अव माय!" म्हणून अशी ओरडली की, सारे घर न्हाणीच्या दाराशी जमा झाले. मिनिटभरात कळ थांबली. पुढे फराळाला बसलो. आईने चकलीचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि पुन्हा गालाला हात लावून डोळे मिटले. "मले भूकच नाई," म्हणून तिने ताट सारले. मागाहून कळले की, हे दोन महिने चालले होते. आम्हांला त्रास नको म्हणून ती बोलली नव्हती.

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. शेजारच्या काकूंनी लवंगेचे तेल दिले. मावशींनी दृष्ट काढली. चुलत्यांनी नाकात तूप सोडायला सांगितले. यातल्या कोणाचाही हेतू वाईट नव्हता. घोटाळा केला तो मी. आई काय म्हणते ते नीट न ऐकता मी दंतवैद्यांना फोनवर सांगितले, "आईची उजवीकडची दाढ फार दुखते." माझ्या शब्दावर विसंबून त्यांनी ती दाढ काढली. पंधरा दिवसांनी तिच्या शेजारचीही काढली. दाढा गेल्या, दुखणे जागच्या जागी राहिले.

शेवटी अमरावतीला मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे गेलो. "आजी, कसं दुखतं?" त्यांनी विचारले. सवयीने मीच सुरुवात केली, "डॉक्टर, आईला दाढेच्या मुळाशी तीव्र वेदना—" त्यांनी हात वर करून मला थांबवले. "त्यांना सांगू द्या."

आई म्हणाली, "दात नाई दुखत रे बाप्पा. गालात इज चमकते. ओठापासून कानाकडं जाते. चमकली का गेली. पन चूळ भरली का येते, बोललं का येते, वारा लागला का येते. तिच्या भेवानं मी तोंडच धूत नाई."

इज म्हणजे वीज. डॉक्टरांनी तिचा चेहरा बोटांनी व कापसाने तपासला आणि म्हणाले, "आजींनी निदान सांगूनच टाकलं."

या विकाराला इंग्रजी वैद्यकात ट्रायजेमिनल न्युराल्जिया म्हणतात. मेंदूतून निघणारी पाचवी नस चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला तीन फांद्यांनी पसरते : कपाळाकडे, गालाकडे आणि खालच्या जबड्याकडे. बहुधा मेंदूच्या बुडाशी एखादी रक्तवाहिनी या नसेला टेकलेली असते. तिच्या ठोक्याठोक्याने नसेवरचे वेष्टण झिजते. आणि मग विजेच्या तारेवरचे आवरण निघावे तसे होते. साधा स्पर्शही कळ होऊन धावतो. ती काही सेकंद टिकते, फार तर दोन मिनिटे. आणि बहुधा एकाच बाजूला येते. पन्नाशीनंतर हा विकार अधिक आढळतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त. कळ दातात उमटते म्हणून चांगले दात काढले जाणे, ही जगभरची कथा आहे. हे ऐकून मला जरा धीर आला. आईच्या दाढा मात्र परत आल्या नाहीत.

हे दुखणे कोणत्याही यंत्रात दिसत नाही. एमआरआय करतात तो नसेजवळ गाठ किंवा दुसरा काही विकार नाही ना, हे पाहण्यासाठी. निदान होते ते रोग्याच्या सांगण्यावरून.

नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या येथे फारशा चालत नाहीत. १९६२ साली स्वीडनमधील ब्लोम यांनी फेफऱ्यावरचे कार्बामाझेपिन या दुखण्यावर गुणकारी असल्याचे दाखवले. आजही पहिला मान त्याच औषधाचा. पण म्हाताऱ्या माणसाला ते अगदी थोड्यापासून देतात. त्याने झापड येते, तोल जातो, रक्तातले सोडियम उतरते. म्हणून मधूनमधून रक्त तपासावे लागते, आणि रात्री न्हाणीकडे जाताना कोणीतरी सोबत असावे लागते. अंगावर पुरळ उठले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. इतर कोणती औषधे चालू आहेत, विशेषतः रक्त पातळ करण्याची, हेही आधीच सांगावे. औषध पुरले नाही किंवा सोसले नाही, तर शस्त्रक्रियेने रक्तवाहिनी नसेपासून दूर करता येते. ज्यांना मोठी शस्त्रक्रिया झेपणार नाही, त्यांच्यासाठी सुईने किंवा किरणांनी नस बधिर करण्याचे उपायही आहेत.

एक इशारा मात्र लक्षात ठेवावा. म्हाताऱ्या माणसाचे कानशील सतत दुखते, चावताना जबडा दमतो आणि दिसायला अंधुक होते, असे असेल तर ते दुखणे निराळे. त्यात दृष्टी जाण्याचा धोका असतो. दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

आता माझ्या चुकीकडे येतो. दरवर्षी मी वर्गात सांगतो की, तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले ते रिद्धपुरात. चक्रधरस्वामींना ज्यांनी पाहिले, ऐकले, त्यांच्याकडे जाऊन त्यांनी आठवणी गोळा केल्या. कोणी काय सांगितले याची त्यांना फार काळजी. एकाच लीळेचे निरनिराळे पाठही जपले गेले. मुलांना हे सांगताना माझा आवाज चढतो. आणि त्याच गावी माझी आई स्वच्छ वऱ्हाडीत "इज" म्हणत होती, तर मी तिचे 'शुद्ध' मराठीत 'दाढदुखी' करून टाकले! बोलीभाषेवर व्याख्याने देणाऱ्या माणसाने आईच्या बोलीतला एक शब्द ऐकला नाही, त्याची किंमत दोन दाढा.

त्या दिवसापासून आईच्या उशाशी शंभर पानी वही आहे. कळ केव्हा आली, काय करताना आली, किती वेळ राहिली, गोळीनंतर चक्कर आली का, हे सारे तिच्याच शब्दांत मी किंवा पत्नी लिहितो. आम्ही नसलो तर शेजारची शाळकरी मुलगी लिहिते. डॉक्टर आधी ती वही मागतात, मग तपासतात. ज्यांच्या घरी म्हातारी माणसे आहेत, त्यांना माझा एवढाच सल्ला.

आईला आता पुष्कळ बरे आहे. कळ अजून येते, पण क्वचित. ती कोमट पाण्याने तोंड धुते, बाहेर वारा असला की पदर गालावरून घेते, दुसऱ्या बाजूने चावते. यंदा चकली चहात भिजवून खाईन, म्हणाली.

हा लेख तिला वाचून दाखवला. शेवटपर्यंत ऐकून तिने विचारले, "माह्या बोलण्यातलं काई बदलवलं तं नाई ना?"

नाही, माय. या वेळी नाही.