उसन्या आभाळाचा खटला

कृष्णधवल निसर्गचित्रांच्या प्रदर्शनांतून अलीकडे एक विलक्षण गोष्ट दृष्टीस पडते. खालचा सडा आपल्या ओळखीचा, माड ओळखीचे, नदीचे वळणही ओळखीचे. वरचे आभाळ मात्र कुठले तरी परके! ढगांच्या डाव्या कडा उजळलेल्या, आणि माडांच्या सावल्याही डावीकडेच पडलेल्या. सूर्य एक, साक्षीदार दोन, आणि दोघांच्या जबान्यांत मेळ नाही. फोटोशॉपमध्ये २०२० साली आभाळ बदलण्याची स्वतंत्र सोय आल्यापासून हे काम क्षणार्धाचे झाले आहे. अशा चित्रांना निसर्गाचे छायाचित्र म्हणून पारितोषिक देणे आम्हांस मुळीच मान्य नाही.

प्रतिपक्षाचा युक्तिवाद ठरलेला आहे. छायाचित्र निर्भेळ सत्य कधी होते? ग्युस्ताव ल ग्रे याने १८५६-५७ च्या सागरचित्रांत दोन निगेटिव्ह जोडल्या. ॲन्सेल ॲडम्स याने आभाळ काळे केले. मग आम्हीच काय पाप केले? युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो, म्हणूनच तो कलमवार तपासला पाहिजे.

ल ग्रेच्या काळची कलोडियनची काच निळ्या प्रकाशाला अतिशय संवेदनशील होती. समुद्र नीट उमटेपर्यंत आभाळ पांढरेफटक होऊन जाई. डोळ्यांना दिसलेले ढग चित्रात उरत नसत. एकच आभाळ त्याने एकाहून अधिक चित्रांना जोडले, हेही खरे. परंतु ती साधनाच्या लंगडेपणावरची तोड होती. आज तो लंगडेपणा उरलेला नाही. आपत्काल संपल्यावर आपद्धर्माची सवलत मागणे न्यायाला धरून नाही.

ॲडम्सचे प्रकरण तर सर्वस्वी निराळे. १० एप्रिल १९२७ रोजी योसेमिटीतील हाफ डोम टिपताना पिवळ्या फिल्टरने त्याचे समाधान होईना. म्हणून शेवटच्या काचेसाठी त्याने गडद लाल फिल्टर लावला. लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो. त्यामुळे निळे आभाळ काळवंडते आणि ढग असले तर ते शुभ्रच राहून उठून दिसतात. याची किंमतही मोजावी लागते. नेहमीच्या लाल फिल्टरला प्रकाश सुमारे आठपट द्यावा लागतो. शिवाय आपल्याकडची तांबडी जांभ्याची भूमी फिकट होते आणि हिरवी भातशेती काळसर. आषाढातल्या सलग करड्या आभाळापुढे तर हा फिल्टर हतबलच ठरतो, कारण तेथे अडवण्याजोगे निळे काही नसतेच. जे आहे ते तो ठसठशीत करतो. जे नाही ते निर्माण करू शकत नाही. पुरावा प्रभावीपणे मांडणे हा वकिलाचा धर्म आहे. पुरावा बनवणे हा गुन्हा आहे. या दोहोंमधली रेषा आम्हांस तरी पुरेशी स्पष्ट दिसते.

याच ॲडम्सचे न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचे चित्र घ्या. पुढच्या काळातल्या प्रिंटांत त्याने वरचे आभाळ उत्तरोत्तर काळे केले, हे सर्वश्रुत आहे. चित्र केव्हा घेतले हे मात्र त्याला नक्की आठवत नव्हते. निरनिराळी साले तो सांगत असे. अखेर चित्रातल्या चंद्राच्या स्थितीवरून गणित मांडून १९९१ साली १ नोव्हेंबर १९४१ ही तारीख निश्चित करण्यात आली. आभाळ काळे केले तरी चंद्राची साक्ष फिरली नाही! पन्नास वर्षांनी उलटतपासणीस उभे राहिले आणि टिकले, असे ते आभाळ होते. उसने आभाळ या कसोटीला कसे उतरणार?

कोणी म्हणेल, कलेत तारखांचे काय काम? कबूल. कल्पनाचित्र म्हणून कोणी हवे ते आभाळ हव्या त्या डोंगरावर ठेवावे. आमची हरकत नाही. हरकत आहे ती खाली गावाचे नाव घालून वर दुसरीकडचे ढग विकण्याला. यात खरा अन्याय होतो तो वळवाच्या ढगांसाठी सड्यावर चार-चार दुपारी तिष्ठत बसणाऱ्यावर आणि भाद्रपदातल्या उघडिपीची वाट पाहणाऱ्यावर. त्याचे ढग बेताचेच निघतात आणि बक्षीस दुसराच घेऊन जातो.

आमची मागणी माफक आहे. परीक्षकांनी मूळ निगेटिव्ह अथवा मूळ फाइल मागावी. आभाळ उसने असेल तर चित्राखाली तसे छापावे, आणि अशा चित्रांचा विभाग वेगळा ठेवावा. आपल्या भूमीवर पावसाळा कसा दाटून येत असे, हे पुढची पिढी या चित्रांनाच विचारणार आहे. तिच्यापुढे खोटा साक्षीदार उभा करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.