घरची विजेरी आणि डाखाचें टोंक

‘आमचा मुलगा घरांत एक वस्तु धड राहूं देत नाहीं, काल घड्याळ उघडलें, आज विजेरी उघडून बसला आहे,’ अशी तक्रार पालकांकडून वारंवार कानीं येते. तक्रार करणाऱ्यांविषयीं आमच्या मनांत पूर्ण आदर आहे. कारण मोडलेल्या वस्तूचे पैसे अखेर त्यांनाच भरावे लागतात. तथापि मुलाची बाजूही कोणी तरी मांडावयास पाहिजे, आणि ती मांडतांना नुसता उपदेश न करितां कामाच्या चार गोष्टी सांगाव्या, या हेतूनें हा लेख लिहिला आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, मुलास अथवा मुलीस विजेरी खुशाल उघडूं द्यावी. परंतु ती पुन्हां जोडण्यास कोणतें हत्यार घ्यावें, हें नीट शिकवावें. वस्तु उघडल्यानें क्वचितच बिघडते. ती बिघडते चुकीच्या हत्यारानें.

हात बसविण्यास विजेरीसारखी दुसरी सोयीची वस्तु नाहीं. तींत सेल, स्प्रिंग, कळ आणि दिवा एवढींच अंगें असतात. साध्या तीन सेलांचा दाब अवघा ४.५ व्होल्ट, त्यानें कोणास झटका बसत नाहीं. शिवाय जुन्या तारेच्या दिव्यांत बहुतेक वीज उष्णतेंतच जात असे, ती वांचविण्याचा उपाय आतां सर्वांच्या आवांक्यांत आला आहे. निक होलोन्याक यांनीं १९६२ सालीं डोळ्यांस दिसणारा तांबडा एलईडी दिवा करून दाखविला. पुढें निळा दिवा साधला, आणि त्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांस २०१४ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. आज आपण पांढरा म्हणून वापरतों तो एलईडी बहुधा मुळांत निळाच असून त्यावरील पिवळ्या लेपामुळें पांढरा दिसतो.

एका पावसाळ्यांत नववीचा एक विद्यार्थी आपल्या वडिलांची तीन सेलांची, धातूच्या नळीची विजेरी घेऊन आमच्याकडे आला. त्यांच्या शेतावरील पंपाला वीज रात्रीं येई. वडिलांस बांधावरून अंधारांत जावें लागे, आणि विजेरी वाटेंतच दगा देई. ज्या वाटेवर साप निघतात त्या वाटेवर दिवा विझणें म्हणजे काय, हें गांवच्या वाचकांस सांगावयास नको. जुना दिवा काढून तेथें एक वॅटचा एलईडी बसवावा, असें त्यानें ठरविलें होतें. आणि तो दिवाही साठविलेल्या पैशांतून आणला होता.

प्रथम आम्हीं कागदावर हिशेब केला. अशा दिव्यास सुमारें ३.२ व्होल्ट लागतात. सेल देतात ४.५. उरलेल्या १.३ व्होल्टांचा भार घेण्यास मध्यें रोधक पाहिजे, नाहीं तर प्रवाह बेसुमार वाढून दिवा जळतो. ३.९ ओहमचा रोधक घातल्यास प्रवाह सुमारें ०.३३ अँपिअर होतो, आणि ४.७ ओहमचा घातल्यास सुमारें ०.२८. दुसऱ्यानें प्रकाश सुमारें एक-षष्ठांश कमी होतो. पण तो फरक डोळ्यास जवळ जवळ कळत नाहीं, आणि सेल मात्र अधिक रात्री टिकतात. आम्हीं दुसरा घेतला. वर्गांत शिकलेला ओहमचा नियम घरच्या उपयोगास आलेला पाहून मुलास जो आनंद झाला, तो परीक्षेच्या गुणांनीं झाला नसता.

यापुढची चूक मात्र सर्वस्वीं आमची. दिवा इवलासा, तेव्हां टोंकही इवलेंसें बरें, अशा समजुतीनें आम्हीं सोल्डरिंग आयर्नला सुईसारखें अणकुचीदार टोंक लावून त्याच्या हातीं दिलें. एक वॅटचा एलईडी ज्या चांदणीच्या आकाराच्या तबकडीवर बसविलेला असतो, ती ॲल्युमिनियमची असते. दिव्याची उष्णता ओढून घेणें हेंच तिचें काम. तिनें आमच्या टोंकाचीही उष्णता ओढून घेतली. डाख वितळेना. मुलगा अर्धा मिनिट टोंक दाबून बसला. तारेवरचें प्लास्टिक वितळलें, तबकडीवरील तांब्याची टिकली उखडली, आणि दिवा वायां गेला. मुलगा बोलला कांहीं नाहीं. पण त्याचे पैसे आमच्या अज्ञानामुळें बुडाले, ही टोचणी आम्हांस अद्याप आहे. नवा दिवा अर्थात् आम्हीं आणून दिला. या वेळीं पटाशीच्या आकाराचें, तीन मिलिमीटर रुंद टोंक घेतलें. दोन-तीन सेकंदांत डाख पाण्यासारखा पसरला, आणि सांधा चकचकीत निघाला.

येथेंच या विषयाचें मर्म आहे. नाजुक वस्तूचें नुकसान मोठ्या टोंकानें होतें, असें नवशिक्यास वाटतें. वास्तविक नुकसान होतें तें फार वेळ तापविल्यानें. अणकुचीदार टोंक वस्तूस एका बिंदूवर भिडतें, व त्याच्या अग्राशीं उष्णतेचा सांठाही थोडा; म्हणून तें रेंगाळतें. रुंद टोंक सपाट बसतें, आपली उष्णता एकदम देतें, आणि दूर होतें. म्हणून टोंकाची रुंदी सांध्याच्या रुंदीएवढी असावी, हा पहिला नियम. विजेरीच्या कामास दोन ते तीन मिलिमीटरची पटाशी बहुतेक ठिकाणीं पुरते. स्प्रिंग किंवा पितळी पत्री यांसारख्या जाड वस्तूंस बोरूप्रमाणें तिरपें कापलेलें टोंक उत्तम. सुईसारखें टोंक अगदीं दाट वसलेल्या बारीक सांध्यांकरितां ठेवावें. साध्या तारांस २५ वॅटचें आयर्न चालतें; तबकडी व स्प्रिंग यांस ४० ते ६० वॅटचें बरें.

दुकानांत टोंक ‘बिट’ या नांवानें मिळतें. त्यांत दोन जाती आहेत. एक नुसत्या तांब्याचें: हें स्वस्त असतें, उष्णता उत्तम वाहून नेतें, पण वितळलेल्या कथिलांत तांबें हळूहळू विरघळत असल्यामुळें झिजतें व खड्डे पडतात, तें कानशीनें घांसून पुन्हां नीट करितां येतें. दुसरें तांब्यावर लोखंडाचा पातळ थर दिलेलें: हें पुष्कळ टिकतें, परंतु यास कानस किंवा पॉलिश-कागद कधींही लावूं नये, थर एकदां गेला म्हणजे टोंक गेलें. तें ओल्या स्पंजावर किंवा पितळी तारांच्या चोथ्यावर पुसावें. दोन्ही जातींस एक नियम सारखाच: काम संपतांच टोंकावर ताजें कथील चढवून मगच तें थंड होऊं द्यावें. आपल्या घरीं पितळेच्या भांड्यांस कल्हई कां करीत, हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस याचें कारण सांगावयास नको. उघड्या धातूस हवा खाते, कथील त्यास झांकतें.

परंतु कल्हईवाल्याचा नवसागर मात्र येथें आणूं नये. त्याचा अंश मागें राहून बारीक तारा कुजवितो. विजेच्या कामास राळेचाच उपयोग करावा. ६३ भाग कथील व ३७ भाग शिसें असलेला डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळतो व नवशिक्यास सोपा जातो. मात्र शिसें विषारी असल्यामुळें कामानंतर हात स्वच्छ धुवावे, आणि काम करितांना कांहीं खाऊं नये. बिनशिशाचा डाख सुमारें २१७ अंशांस वितळतो. त्यास उष्णता जास्त लागते. राळेचा धूर नाकांत जाऊं नये म्हणून खिडकी उघडी असावी, आणि जवळ वडील माणूस असावें.

आतां मुलांस एक इशारा. विजेरी एकदां जमली, कीं ती अधिकाधिक प्रखर करण्याचा मोह होतो. स्प्रिंगवरून तांब्याची तार डाखून तिचा रोध कमी करणें, ही युक्ति चांगली व निरुपद्रवी आहे. परंतु लिथियमच्या सेलावर प्रत्यक्ष डाख देणें हा घोर अविचार होय. तो तापल्यानें किंवा त्याचीं दोन टोंकें जोडलीं गेल्यानें आग लागते. दुसरी गोष्ट, दिवा दुप्पट वीज खाऊं लागला तरी डोळ्यास दुप्पट प्रकाश दिसत नाहीं. उष्णता मात्र वाढते. शेजाऱ्याचे डोळे दिपविणाऱ्या विजेरीपेक्षां पहांटेपर्यंत तेवणारी विजेरी श्रेष्ठ, असें आमचें ठाम मत आहे.

कोणी म्हणेल, बाजारांत नवी विजेरी स्वस्त मिळत असतां एवढा खटाटोप कशाला? पैशांचाच हिशेब असेल, तर हा आक्षेप कांहीं अंशीं खरा आहे. परंतु विकत घेतलेली विजेरी बंद पडली म्हणजे मालक हताश होतो. स्वतः जोडलेली बंद पडली म्हणजे तो ती उघडतो. हा फरक पैशांत मोजतां येत नाहीं. त्या विद्यार्थ्याची विजेरी पुढें एकदां खरोखरच बंद पडली. तेव्हां त्यानें ती कोणास न विचारतां उघडली, कळीखालचा सुटलेला सांधा पुन्हां डाखला, आणि त्याच रात्रीं ती वडिलांच्या हातीं दिली.

म्हणून पालकहो, मुलानें पुढच्या वेळीं विजेरी उघडली तर रागावूं नका. त्याच्याजवळ बसा, आणि त्याच्या हातांतलें टोंक कामाजोगें आहे कीं नाहीं, एवढें पहा. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हीही घरची वस्तु उघडण्यापूर्वीं घरच्यांस विचारा, हिशेब कागदावर करा, योग्य टोंक निवडा, आणि उघडलेली वस्तु मिटल्याशिवाय उठूं नका. इतकें पाळलें, तर तुमच्या हातून एखादी वस्तु बिघडली तरी तुमच्या वडिलांस त्याचें वाईट वाटणार नाहीं.