जानेवारी १९२८ची विस्मृत बाटली

१/ इतिहासप्रेमींना १९२८ हे वर्ष आठवते ते सप्टेंबरमुळे. लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या काचेच्या तबकडीत बुरशी उगवली आणि तिच्याभोवतीचे स्टॅफिलोकॉकस जीवाणू नष्ट झालेले दिसले. पेनिसिलिनची कथा येथून सुरू होते. परंतु त्याच वर्षी जानेवारीत, त्याच जीवाणूने ऑस्ट्रेलियात १२ बालकांचे प्राण घेतले होते. मुलांमधील ‘स्टॅफ’ संसर्गाचा इतिहास जानेवारीपासून सांगितला पाहिजे, असे माझे मत आहे. #धागा

२/ प्रथम जीवाणूविषयी. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांना १८८० मध्ये गळवातील पुवात द्राक्षांच्या घडासारखे जंतूंचे पुंजके दिसले. ‘द्राक्षांचा घड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच त्यांनी हे नाव दिले. हा जंतू निरोगी माणसाच्या नाकात आणि त्वचेवरही निमूटपणे राहतो. जखमेतून आत शिरला, तर मुलांना गळवे होतात. क्वचित हाडांत वा रक्तातही संसर्ग पसरतो.

३/ आता क्वीन्सलँडमधील बंडाबर्ग या गावी येऊ. त्या काळी घटसर्प हा बालकांचा काळ होता, म्हणून तेथे लसीकरण सुरू झाले. १७ ते २४ जानेवारीदरम्यान एका बाटलीतून २१ मुलांना लस टोचली गेली. कोणालाही अपाय झाला नाही. २७ तारखेला त्याच बाटलीतून आणखी २१ मुलांना लस दिली. त्यांपैकी १८ आजारी पडली आणि दोन दिवसांत १२ दगावली.

४/ संघराज्य सरकारने मेलबर्नचे संशोधक चार्ल्स केलवे यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला. बाटलीतील द्रवात आणि बचावलेल्या मुलांच्या गळवांत स्टॅफिलोकॉकसच सापडला. लसीत जंतूंची वाढ रोखणारे द्रव्य नव्हते, रबरी बुचातून सुई वारंवार आत गेली होती आणि दिवस ऐन उन्हाळ्याचे होते. अनेक मात्रांच्या बाटलीत असे द्रव्य असलेच पाहिजे, अशी शिफारस आयोगाने केली.

५/ आज ही घटना दोन प्रकारे विकृत होते. लसविरोधक ‘लसीने मुले मारली’ एवढेच सांगतात. लसीचे काही समर्थक गैरसमजाच्या भीतीने तिचा उल्लेखच टाळतात. दुसरी चूक मला अधिक घातक वाटते. आपण मौन पाळले, तर अर्धे सत्य सांगणाऱ्यालाच श्रोते मिळतात. दोष घटसर्पाच्या लसीच्या तत्त्वात नव्हता. तो ती बाटलीत भरण्याच्या, साठवण्याच्या आणि वापरण्याच्या पद्धतीत होता. आयोगाने हे उघडपणे मांडले, म्हणूनच पद्धत सुधारता आली.

६/ या चौकशीतूनच मॅकफार्लेन बर्नेट हे तरुण संशोधक स्टॅफिलोकॉकसच्या विषाच्या अभ्यासाकडे वळले. पुढे १९६० मध्ये त्यांना रोगप्रतिकारशास्त्रातील कार्यासाठी नोबेल मिळाले.

७/ पेनिसिलिनने असंख्य मुले वाचवली, यात वाद नाही. मात्र १९४०चे दशक संपण्यापूर्वीच रुग्णालयांत त्याला न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस पसरले. मेथिसिलिनला दाद न देणारे जंतू ब्रिटनमध्ये १९६१ मध्ये नोंदले गेले. शिवाय प्रतिजैविक जंतूला मारते, पण त्याने आधीच सोडलेले विष नाहीसे करत नाही. म्हणून स्वच्छ हात, निर्जंतुक सुई आणि नीट राखलेली बाटली यांचे मोल औषध आल्यानंतरही घटले नाही.

८/ मुलाच्या गळवावर घरातील उरलेल्या प्रतिजैविक गोळ्या देणारा पालक सप्टेंबरची कथा अर्धीच ऐकून असतो. गळू पिळू नये; लाली पसरू लागली वा ताप आला, तर विनाविलंब डॉक्टर गाठावा. इतिहासाच्या पुस्तकांत फ्लेमिंगची तबकडी असतेच. तिच्या शेजारी बंडाबर्गची बाटलीही असावी, एवढाच माझा आग्रह आहे. आपले मत वेगळे असल्यास खाली अवश्य मांडा.