दुसऱ्या मताचा हिशेब

निवडणूक जवळ आली की विहारात वंदना आटोपल्यावर एकच विषय निघतो : आपला माणूस कोणता? जाहीरनाम्यात काय लिहिले आहे, हे विचारणारा एखादाच. अशा वेळी आम्हाला १९५४ सालची भंडाऱ्याची पोटनिवडणूक आठवते. आम्ही ती पाहिलेली नाही; वडीलधाऱ्यांकडून ऐकली, पुढे वाचली. आपल्याच जिल्ह्यात बाबासाहेब पडले, ही गोष्ट जयंतीच्या भाषणात क्वचितच निघते. निघाली पाहिजे.

तेव्हा भंडारा जुन्या मध्यप्रदेशात होता आणि गोंदिया आपल्याच जिल्ह्यात. मतदारसंघ द्विसदस्य होता : दोन खासदार, त्यांतला एक अनुसूचित जातीचा. प्रत्येक मतदाराला दोन मते, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे बाबासाहेब उभे, काँग्रेसतर्फे भाऊराव बोरकर. प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता सर्वसाधारण जागेसाठी.

आता तुलना करा. बोरकर आणि बाबासाहेब दोघेही अनुसूचित जातीचे. म्हणजे 'आपला माणूस' या मापाने काहीच ठरत नव्हते. बोरकरांच्या मागे काँग्रेसची यंत्रणा आणि पंडित नेहरूंचे नाव. बाबासाहेबांच्या मागे काय? फेडरेशनचा १९५१ चा जाहीरनामा.

आम्ही वाणिज्य शाखेचे, त्यात पेशाने कारकून, म्हणून असेल कदाचित, पण त्या जाहीरनाम्यातले जमेचे कलम आम्हाला फार मोलाचे वाटते. मागासलेल्यांच्या शिक्षणाला, विशेषतः उच्च शिक्षणाला पैसा लागेल, हे तर कुणीही लिहील. बाबासाहेबांनी तो कुठून आणायचा हेही लिहिले : लष्करावरचा खर्च कमी करा, मिठावरचा कर पुन्हा बसवा, दारूबंदी उठवा, विम्याचे राष्ट्रीयीकरण करा. यातली दोन कलमे मते घालवणारीच. मीठकर बसवा म्हणून मत मागणारा पुढारी आज शोधून सापडणार नाही! तरी ते लिहिले, कारण खर्च दाखवायचा तर जमाही दाखवावी लागते. आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण पुढे १९५६ साली सरकारनेच केले.

खरी परीक्षा दुसऱ्या मताची होती. राखीव जागेवरचा विजयी उमेदवार वगळला की उरलेल्या सगळ्यांत ज्याला जास्त मते, तो दुसरा खासदार. म्हणून कार्यकर्ते म्हणू लागले की आपल्या लोकांनी एक मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कुजवावे. हिशेब चुकीचा नव्हता. दुसरे मत कुजले असते तर मेहतांची मते घटली असती आणि बाबासाहेब वर सरकले असते. पण बाबासाहेबांनी साफ नकार दिला. राज्यघटनेने दिलेले मत फुकट घालवा, असे ते सांगणार नव्हते. १९५२ साली मुंबईत मते कुजवण्याचा फटका त्यांना स्वतःला बसला होता. तिथे काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी त्यांना सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरवले, आणि मते कुजवण्याच्या प्रचाराविरुद्ध बाबासाहेब व मेहता यांनी निवडणूक अर्ज केला होता. जे मुंबईत गैर, ते भंडाऱ्यात बरोबर कसे?

मे १९५४ मध्ये निकाल लागला. बोरकर आणि मेहता निवडून आले. बाबासाहेब बोरकरांपेक्षा सुमारे आठ हजार मतांनी मागे राहिले. याचा अर्थ कागदावर मांडून पाहा. मेहतांना बाबासाहेबांपेक्षा जास्त मते पडली, म्हणजे मेहतांना मत देणाऱ्या कित्येकांनी आपले दुसरे मत बाबासाहेबांना दिलेच नाही. युती करताना आपल्या पुढाऱ्यांनी हा कागद जवळ ठेवावा.

द्विसदस्य मतदारसंघ १९६१ साली गेले. आता एकच मत आहे. दारोदार पत्रके येतात. धानाचा भाव, गोसीखुर्दच्या विस्थापितांचे पुनर्वसन, मुलांची शिष्यवृत्ती, सगळे त्यांत असते. पुढच्या निवडणुकीला सगळ्या उमेदवारांची पत्रके रद्दीत न टाकता विहारात आणा. एका वहीत शेजारी शेजारी रकाने पाडू. प्रत्येक वचनापुढे दोन प्रश्न : पैसा कुठून, आणि हेच वचन गेल्या खेपेला दिले होते का? लिहायला दहावी-बारावीची मुले-मुली बसतील. वाचून दाखवताना आयाबहिणींना पुढे बसवा, कारण रेशनच्या रांगेत त्याच उभ्या असतात आणि त्यांचे प्रश्न आमच्यापेक्षा नेमके असतात.