फाईल सगळ्यांना उघडते, पण मालक कोण?

संघटनेचे कागद नेमके कोणाकडे आहेत, हा प्रश्न बैठकीत विचारला की सगळे एकमेकांकडे बघू लागतात. सभासदांची यादी एकाच्या लॅपटॉपमध्ये, शिष्यवृत्तीच्या अर्जांची नोंद दुसऱ्याकडे, अत्याचाराच्या प्रकरणांची टिपणे तिसऱ्याच्या पेनड्राइव्हवर. आणि निवेदनाचा मजकूर? तो तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडे. तो गावाला गेला की निवेदनही गावाला जाते!

म्हणून आम्ही कार्यकर्त्यांना आग्रहाने सांगतो, की ब्राउझरमध्ये चालणारे ऑफिस सॉफ्टवेअर वापरायला शिका. गूगल डॉक्स, झोहो रायटर, ओन्लीऑफिस, कोलाबोरा ऑनलाइन, यापैकी कोणतेही. यात प्रोग्राम संगणकावर बसवावा लागत नाही. ब्राउझर तो सर्व्हरवरून आणतो आणि फाईलही सर्व्हरवरच राहते. त्यामुळे वसतिगृहातल्या मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स असो, कार्यालयात विंडोज असो, मसुदा तोच उघडतो आणि दोघे एकाच वेळी त्यात लिहू शकतात. एखाद्या ताईकडे फक्त मोबाईल असेल तर तिला बहुधा ॲप घ्यावे लागेल, पण मसुदा तोच. हे तंत्र काही आजचे नाही. राइटली आणि चेन्नईहून आलेले झोहो रायटर, दोन्ही २००५ सालची. पुढच्याच वर्षी गूगलने राइटली विकत घेतले आणि त्यातून गूगल डॉक्स उभे राहिले. याला वीस वर्षे झाली, आणि आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘एकदम फायनल’ फिरत आहेत.

मराठीत लिहिणाऱ्यांना याचा आणखी एक मोठा फायदा आहे. श्रीलिपी, कृतिदेव यांच्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर साठवला जातो तो इंग्रजी अक्षरांच्या जागांवर. पडद्यावर दिसणारा चेहरा तेवढा मराठी. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाईल उघडली की सगळा कचरा दिसतो. अशा फायलीत एखाद्या गावाचे नाव शोधू म्हटले तर सापडत नाही. ब्राउझरमधल्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ युनिकोडमध्ये टाइप होते. गूगल डॉक्समध्ये फॉन्टही सर्व्हरवरूनच येतो. मुंबईच्या एक टाइपने घडवलेला मुक्ता तिथे निवडा, विंडोजवर आणि लिनक्सवर पान सारखेच दिसेल. दहा वर्षांची निवेदने युनिकोडमध्ये असती तर ‘या गावाबद्दल आपण आधी काय मागितले होते’ याचे उत्तर दोन मिनिटांत मिळाले असते. आज त्यासाठी कपाटे उपसावी लागतात.

इथवर बहुतेकांना पटते. पुढे मात्र काही मित्र म्हणतात, फुकट मिळतेय ना, मग वापरा, चर्चा कशाला?

चर्चा मालकीची आहे. कोणत्याही मशीनवर फाईल उघडते याचा अर्थ ती तुमच्या ताब्यात आहे असा होत नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने निर्बंध घातल्यावर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातल्या तेल कंपनीच्या सेवा बंद केल्या. पैसे भरून सेवा घेणारी ती बडी कंपनी. तिला दिल्ली उच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठवावा लागला, मग सेवा परत सुरू झाली. आपल्या जिल्हा शाखेचे खाते उद्या बंद झाले तर आपण कोणता वकील उभा करणार आहोत?

दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते मजकुरासह काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले. आता विचार करा. यादी बनवणारा कार्यकर्ता नोकरीला बाहेर गेला, किंवा वारला. फाईल त्याच्या खात्यावर. त्याचे खाते गेले की ज्यांना ज्यांना ती दिसत होती त्या सगळ्यांसाठी ती गेली. कोणी म्हणेल, आम्ही ती संगणकावरच्या ड्राइव्ह फोल्डरमधून पेनड्राइव्हवर घेतली आहे. ती उघडून बघा. गूगल डॉक्सची फाईल अशी उचलली तर हाती येतो तो फक्त दुवा, मजकूर येत नाही. तो वेगळा डाउनलोड करावा लागतो.

दुसरा गट स्वदेशीचा. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपण झोहोवर जात असल्याचे जाहीर केले, तेव्हापासून तो जोरात आहे. झोहो चांगले आहे, जरूर वापरा. पण सर्व्हर अमेरिकेच्या कंपनीचा असो की चेन्नईच्या, तो आपला नाही. स्वदेशी मालकाच्या वाड्यातला भाडेकरूही भाडेकरूच. बाबासाहेबांनी वृत्तपत्रे काढली तेव्हा स्वतःचा छापखानाही उभा केला, तो हौस म्हणून नव्हे.

मग करायचे काय? संघटनेचे खाते संघटनेच्या नावाने काढा, पासवर्ड आणि खाते परत मिळवण्याची सोय किमान दोन जबाबदार पदाधिकाऱ्यांकडे ठेवा, त्यातली एक महिला असेल तर उत्तम. दर महिन्याला सगळ्या फायली ओडीटी आणि ओडीएस स्वरूपात उतरवून दोन ठिकाणी ठेवा. हे खुले स्वरूप २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि लिबरऑफिससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर उघडते. पीडितांची आणि साक्षीदारांची नावे असलेली टिपणे मात्र साध्या गूगल डॉक्समध्ये ठेवू नका. तिथला मजकूर कंपनीला वाचता येतो, आणि कायदेशीर आदेश आला तर तो द्यावाही लागतो. त्यासाठी क्रिप्टपॅड बघा. तेही ब्राउझरमध्येच चालते, पण मजकूर तुमच्याच मशीनवर कुलूपबंद होऊन सर्व्हरवर जातो. पासवर्ड हरवला तर तो कोणीच उघडून देणार नाही, हेही लक्षात ठेवा.

स्वतःचा सर्व्हर भाड्याने घेऊन त्यावर नेक्स्टक्लाउड आणि कोलाबोरा चालवणे शक्य आहे. आपल्यात इंजिनिअर मुलामुलींची कमतरता नाही. पण एकदा बसवून फोटो काढला की काम संपत नाही. दर आठवड्याला अपडेट करायला आणि बॅकअप तपासायला माणूस लागतो. ज्या जिल्ह्यात असे दोघे तयार असतील त्यांनी सुरू करावे. बाकीच्यांनी तूर्त सोयीचे ते वापरावे, आणि येत्या बैठकीत पहिला विषय म्हणून कोणती फाईल कोणाच्या खात्यावर आहे याची यादी करून घ्यावी.