संक्रांतीचे वाण आणि घरातील थकलेले हात

पौषातली थंडी अंगात भिनू लागली की वणीच्या बाजारात तिळाचे ढीग दिसू लागतात. शेजारी गुळाच्या भेल्या, बोरे, उसाची कांडकी, हरभऱ्याचे घाटे आणि मातीची सुगडी मांडलेली असतात. अलीकडच्या वर्षांत त्यांच्या पलीकडे प्लास्टिकच्या वाट्या, गाळण्या आणि डब्या यांचीही रास असते. त्या डझनावारी आणाव्यात, हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीच्या हाती एकेक ठेवावी, की झाले वाण. यात वाईट काही नाही. परंतु घरात सत्तरी-ऐंशी ओलांडलेली व्यक्ती असेल, तर या विकतच्या डझनामुळे तिच्या हातचे एक काम जाते. म्हातारपणी हातचे काम जाणे ही किती मोठी गोष्ट असते, हे मी माझ्याच घरात उशिरा शिकले.

माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आई, न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. प्लास्टर निघाले, हाड जुळले. परंतु बोटे आखडलेली राहिली. आम्ही घाबरलो होतो. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी त्या आल्या की आमच्यापैकी कोणीतरी म्हणे, “आई, तुम्ही बसा, आम्ही करतो.” काळजीपोटीच म्हणत होतो. दोन वर्षांत त्यांनी विचारणे सोडले. जेवण कमी झाले, दुपारची झोप वाढली. हाताच्या व्यायामासाठी आणलेला मऊ चेंडू खिडकीत धूळ खात पडला.

त्या वर्षी उशांसाठी म्हणून शेतावरून थोडा कापूस घरी आला होता. एका दुपारी पाहते तो आई मागच्या पडवीत उन्हात बसलेल्या, मांडीवर कापूस, आणि त्या एकेका बोंडातली सरकी काढून वात वळीत होत्या. मी सवयीने म्हणाले, “आई, राहू द्या.” त्यांनी मान वर न करताच उत्तर दिले, “मले कायले बसवून ठेवता? मी का पाहुणी आहो?”

वाचकहो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या संक्रांतीला आम्ही बाजारातून वाण आणले नाही. आईंनी वळलेल्या फुलवातींच्या पुड्या आणि घरचे तिळाचे लाडू, एवढेच दिले. त्यांचे मनगट त्यामुळे बरे झाले, असे मी म्हणणार नाही. ते अखेरपर्यंत पूर्ण वळले नाही. परंतु चेंडू दाबण्याचा जो व्यायाम त्यांनी दहा दिवसही केला नव्हता, त्याच बोटांची हालचाल त्या महिनाभर, कोणी न सांगता, रोज करीत होत्या.

फुलवात वळणे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. सरकी काढलेल्या कापसाचा लहानसा पुंजका घेऊन तो बोटांनी विंचरून पातळ, गोल पसरतात. मध्यभागी चिमटीत धरून वर उचलतात आणि दुधाचे बोट लावून ते टोक पिळतात. खालचा भाग फुलासारखा पसरलेला राहतो. अंगठा आणि तर्जनीची चिमूट, तळहाताची उघडझाप, मनगटाची हलकी फिरकी, हे सारे त्यात आपोआप होते. बोटांचे सांधे दुखत असतील तर आधी कोमट पाण्यात हात पाच-दहा मिनिटे ठेवून मग बसावे, आणि दुखू लागताच थांबावे. दम्याचा किंवा छातीचा विकार असेल तर सरकी काढणे दुसऱ्याने करावे, कारण त्यात तंतू उडतात; स्वच्छ केलेला कापूसच त्यांच्यापुढे ठेवावा.

आता तिळाचे. तीळ निवडणे आणि पाखडणे हे मुळातच बसून करायचे काम. मोतीबिंदू असलेल्या किंवा नजर मंदावलेल्या व्यक्तीपुढे पांढरे तीळ स्टीलच्या ताटात ओतले तर तिला काहीच दिसत नाही, आणि मग आपण म्हणतो की आता यांच्याने होत नाही. तेच तीळ काळ्या किंवा गडद रंगाच्या ताटात, खिडकीच्या उजेडात ठेवून पाहावेत. खडा, काडी, काळपट दाणा, सगळे वेगळे दिसू लागते. पाटावर मांडी घालण्याचा आग्रह नको. पाठ असलेली खुर्ची, पाय जमिनीला टेकलेले, आणि टेबल कोपराच्या उंचीचे, एवढे जमवले की अर्धा तास सहज बसता येते.

पाकाच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. गुळाचा उकळता पाक पाण्यापेक्षा अधिक तापतो, गोळीबंद होईपर्यंत तो ११५ अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचतो, आणि तो त्वचेला चिकटून राहतो; म्हणून त्याचा चटका खोल जातो. कापणारा हात, मंदावलेली नजर आणि उकळता पाक हे एकत्र येऊ देऊ नये. त्यावर उपाय त्या व्यक्तीला स्वयंपाकघराबाहेर बसवणे हा नाही, पाकच टाळावा. बिनपाकाचे लाडू आमच्या घरी आता दरवर्षी होतात. २५० ग्रॅम तीळ मंद आचेवर खमंग भाजावेत. हे काम घरातल्या धडधाकट माणसाचे. ते कोमट असतानाच जाडसर कुटावेत, त्यात २०० ग्रॅम मऊ, चिरलेला गूळ आणि ५० ग्रॅम शेंगदाण्याचे बारीक कूट घालून पुन्हा कुटावे. मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवले तरी चालते. तिळाला तेल सुटते आणि मिश्रण हाताला मऊ लागते. वेलदोड्याची पूड घालून ते परातीत काढावे आणि परात आजी-आजोबांपुढे ठेवावी. सुपारीएवढे लाडू वळले तर साधारण ४० होतात. हे लाडू कडक नसल्यामुळे दातांनाही सोपे जातात. चिक्कीने हलणारा दात निखळल्याच्या कहाण्या प्रत्येक घरात आहेत, आमच्याही आहेत.

खाण्याविषयी मधुमेही मंडळी दरवर्षी एकच विचारतात: साखर नाही, गूळ आहे, मग चालेल ना? गूळ रक्तातली साखर वाढवतोच. वरच्या मापाच्या एका लाडवात सुमारे ५ ग्रॅम गूळ येतो, म्हणजे जवळजवळ चहाचा एक चमचा साखर. आटोक्यातला मधुमेह असेल तर जेवणानंतर एक लाडू बहुतेकांना चालतो. परंतु पाच घरी जाऊन पाच लाडू झाले की हिशेब बदलतो. घरोघरी मिळालेला तिळगूळ डबीत भरून आणावा आणि रोज एक खावा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी कामाच्या नादात जेवणाची वेळ चुकवू नये. घाम, थरथर, गोंधळलेपण जाणवले तर हातातले काम सोडून लगेच साखर घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तीळ, शेंगदाणे आणि गूळ किती घ्यावे, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

पक्षाघातानंतर किंवा अन्य कारणाने गिळण्यास त्रास होत असेल, तर अख्खे तीळ, शेंगदाणे आणि भुरभुरीत लाडू देऊ नयेत. सुटे दाणे श्वासमार्गात जाण्याची भीती असते. अशा व्यक्तीला तिच्या नेहमीच्या मऊ आहारात बसेल असेच काही गोड द्यावे, ताठ बसवून, घाई न करता. कवळी वापरणाऱ्यांनी तिळगूळ खाल्ल्यावर ती काढून धुवावी. कवळीखाली अडकलेला एक तीळ हिरडी सोलवटून टाकतो.

आजोबांना विसरू नये. वणी परिसरात कोळसा खाणीतून निवृत्त झालेले पुष्कळ जण आहेत. आयुष्यभर पाळीच्या घंट्यावर चाललेल्या या माणसांना घरात काय करावे, हेच पुष्कळदा उमगत नाही. आणि संक्रांत ही बायकांची, असे म्हणून आपण त्यांना आणखी बाजूला सारतो. ज्यांची छाती भरून येते त्यांना भाजणीच्या धुरापासून आणि पहाटेच्या गारठ्यापासून दूर ठेवावे. परंतु जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाच्या पुड्या करणे, दोरा बांधणे, नावांची यादी लिहिणे हे त्यांचे काम व्हावे. या पुड्या वातींसाठीच वापराव्यात. खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधू नयेत, अशी सूचना देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये दिली आहे, आणि छापील कॅलेंडरलाही मी तेच लावते. लाडवांसाठी कोरा बटर पेपर किंवा स्वच्छ डबी बरी.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीची सेवा करणाऱ्यांना दोन शब्द. काल काय जेवलो हे विसरलेली व्यक्ती लाडू मात्र अचूक वळते, हे पाहून आश्चर्य वाटते. हातांना लागलेली सवय ताज्या आठवणींपेक्षा अधिक काळ टिकते. म्हणून एका वेळी एकच कृती द्यावी, स्वतः समोर बसून तीच करावी, आणि चुकले तर दुरुस्त करू नये. वाकडा लाडू वाकडाच राहू द्यावा. मन लागत नसेल तर परात उचलून ठेवावी; उद्या पुन्हा पाहावे. आणि सेवा करणाऱ्या लेकी-सुनांनो, मुलांनो, हे सारे आदल्या दिवशी उरकायला जाऊ नका. तुमचा थकवाही खरा आहे. आठवडाभर आधी, रोज वीस मिनिटे, तेवढेच पुरे. चाळीस लाडू जमले नाहीत तर वीस.

एक गोष्ट लिहू की नको, असे वाटत होते. आमच्या आई विधवा होत्या. हळदीकुंकवाच्या दिवशी त्या आपण होऊन आतल्या खोलीत जात आणि बायका उठून जाईपर्यंत बाहेर येत नसत. मीही कित्येक वर्षे ते तसेच चालू दिले, याची मला आज लाज वाटते. त्या संक्रांतीला मात्र पुडी उघडून पाहताच एका शेजारणीने विचारले, “इतक्या सारख्या वाती कोणी वळल्या?” मी आत जाऊन आईंना हात धरून बाहेर आणले. पहिला तिळगूळ त्यांच्या हातावर ठेवला. त्या गोंधळल्या, पदर सावरला, आणि मग शेजारणीला वातीतली कोणती खोड काढायची ते सांगत अर्धा तास बसल्या. पुढच्या वर्षीपासून कुंकवासाठी नाही तरी वाण देण्यासाठी त्या दारातल्या खुर्चीवर बसू लागल्या, आणि रथसप्तमीपर्यंत येणारी प्रत्येक बाई आधी त्यांच्या पाया पडू लागली.

आपल्या घरी अंथरुणाला खिळलेले कोणी असेल, त्यांच्याने वळणे-निवडणे काहीच होत नसेल, तर वाणाची थाळी त्यांच्या उशाशी ठेवावी आणि पाहुण्यांना तिथवर न्यावे. देणारा हात त्यांचा असावा. हवे तर आपण तो धरावा.

आमच्या पुड्यांवर मुलाने ‘५१ वाती’ असे लिहिले होते. मोजणी आईंची. एका पुडीत सत्तेचाळीस निघाल्या, एकीत साठ. कोणीही तक्रार घेऊन आले नाही.